राणी ‘जा’ कोणाला म्हणाली?

ऐका, थोरांनो आणि पोरांनो. फार फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा पाखरं माणसांशी बोलायची आणि माणसंही त्यांचं ऐकून घ्यायची. त्या काळी डोंगराच्या उतारावर एक राज्य होतं. राज्य बेताचं होतं, पण तिथल्या लोकांना दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक त्यांची भाषा आणि दुसरी त्यांची कवयित्री.

आधी भाषेचं सांगतो. घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्या राज्यात ही रीत फारच कडक होती. लेक सासरी निघाली तर आई म्हणायची, ‘ये हो.’ शिपाई लढाईला निघाला तरी ‘ये’. म्हातारी शेवटचे श्वास मोजत असली तरी उशाशी बसलेली सून तिला ‘या’ म्हणूनच निरोप द्यायची. नुसतं ‘जा’ हे दुष्काळाला म्हणायचं, टोळधाडीला म्हणायचं, रोगराईला आणि भुताखेताला म्हणायचं. आपल्या माणसाला तोंडावर ‘जा’ म्हटलं, तर त्याचं घराशी नातं तुटलं असं सगळा गाव समजायचा.

आता कवयित्रीचं. ती मूळची त्या राज्यातली नव्हती. थोरल्या राजाची राणी लग्न होऊन आली, तेव्हा तिची पाठराखीण म्हणून ती आली होती. नव्या नवरीला सासरी एकटं वाटू नये म्हणून माहेरची एक बाई चार दिवस सोबत धाडतात, ती पाठराखीण. ही चार दिवसांसाठी आली आणि जन्माची राहिली. काम करता करता ओव्या रचायची. आधी दासी ऐकायला लागल्या, मग पहारेकरी, मग खुद्द राजा. शेवटी राजानं तिला दरबारात मानाचा पाट दिला.

पाट मिळाला आणि ताठाही आला, हे लपवून काय करायचं? पण तो तिला शोभायचा. कोणी मागितली म्हणून ती ओवी देत नसे. एकदा एक सरदार आपल्या वडिलांवर कवन करून मागायला आला. तिनं विचारलं, तुमचे वडील जेवून उठल्यावर हात कशाला पुसायचे? सरदार गडबडला. तिनं त्याला सांगितलं, आधी ते आठवून या, मग बघू.

तिची कामाची पद्धतच तशी होती. माणूस कवितेत आणायचा तर आधी त्याचे हात शोधायचे. ती म्हणायची, तोंड काय, वेळ पाहून बोलतं. हातांना तेवढी अक्कल नसते, ते खरं काय ते करून मोकळे होतात.

राजपुत्र अगदी लहान असताना राणी तापानं गेली. काही वर्षांनी थोरला राजाही गेला. राजपुत्र राजा झाला. कवयित्रीला तो मावशी म्हणायचा आणि तिला अगंतुगं करायचा, कारण तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं होतं. गादीवर बसल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर गावाबाहेर एक बारव बांधायला घेतली. खोल, चहूबाजूंनी पायऱ्या असलेली, वाटसरूनं उतरून ओंजळीनं पाणी प्यावं अशी विहीर. तिच्या दर्शनी शिळेवर आईचं नाव कोरायचं आणि पहिल्या जलपूजनाला आईचं गाणं म्हणायचं, असं त्याच्या मनात होतं. त्याला आई जवळजवळ आठवतच नव्हती. एकच गोष्ट आठवते, तो म्हणायचा, आणि ती सांगण्यासारखी नाही.

गाणं अर्थातच मावशीनं करायचं होतं. आणि इथेच तिची पंचाईत झाली. ती लिहायला बसली की राणी यायची. भरजरी शालू, गळ्यात मोत्यांचा सर, चंद्रासारखं तोंड. जिच्याबरोबर तिनं माहेरच्या नदीत डुंबून कानांत पाणी भरून घेतलं होतं, ती काही येत नव्हती. ती लिहायची, वाचायची आणि फाडून चुलीत घालायची. आपल्या मैत्रिणीच्या नावावर खोटं नाणं चालवायची तिची तयारी नव्हती. राजा विचारायचा, मावशी, झालं का? ती म्हणायची, लोणचं आहे, बाळराजे, अजून मुरलं नाही.

बारवेला पाणी लागलं तरी लोणचं मुरेना. तेव्हा प्रधान पुढे झाला. हा माणूस हुशार होता आणि टापटिपीचा होता. त्याला सगळं जिथल्या तिथे लागायचं. त्यानं राजाला सांगितलं, माणसाच्या आठवणीचा काय भरवसा? ती आज एक सांगते, उद्या दुसरं. राणीसाहेबांच्या खोलीत एक साळुंकी होती. त्या गेल्यावर तिला त्यांच्या माहेरी नेलं. ती अजून आहे म्हणे, आणि तिला राणीसाहेबांचं बोलणं जसंच्या तसं येतं.

पिंजरा दरबारात आला. म्हाताऱ्या साळुंकीनं मान वाकडी करून सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “दिवा लावला का गं?”

आवाज राणीचा होता. शब्दाच्या शेवटी जरासा लांबवलेला, माहेरच्या वळणाचा. जुने लोक बसल्या जागेवरून उठून उभे राहिले. राजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून कवयित्रीला वाटलं, आत्ता मागून येईल आणि पाठीत धपाटा घालील.

साळुंकी मग स्वतःच्या बारीक आवाजात म्हणाली, “मी एक अक्षरही बदलत नाही. कानावर पडलं ते तसंच देते.” हे सांगताना तिनं छाती पुढे काढली होती. खरं होतं ते, आणि तिला त्याचा अभिमान असावा हेही बरोबरच होतं.

त्या दिवसापासून राजा पिंजऱ्यापाशी बसायला लागला. ‘तो पडदा ओढ.’ ‘आज मीठ जास्त पडलंय.’ ‘दूध उतू गेलं वाटतं.’ आई एवढंच बोलायची, पण तिच्याच आवाजात बोलायची. प्रधानानं सुचवलं की आता गाण्याची गरज उरली नाही. जलपूजनाला पिंजराच बारवेवर टांगू आणि कवयित्रीचा पाट उचलून ठेवू. कवयित्रीनं हे ऐकून घेतलं. तिला वाईट वाटलं, रागही आला, पण पोराला आईचा आवाज मिळाला होता. त्यापुढे पाटाची कथा काय?

मग एके सकाळी भरल्या दरबारात, कोणी काही विचारलं नसताना, साळुंकी पिसं फुलवून त्याच आवाजात ओरडली, “जा. चालता हो. या घरात तुझं काही नाही. पुन्हा या दारात दिसू नकोस. जा.”

‘जा’ हा शब्द तिथे कोणी मोठ्यानं उच्चारलेलाही ऐकला नव्हता, आणि हा तर राणीच्या तोंडचा होता. राजानं हळू आवाजात विचारलं, हे कधीचं? साळुंकीनं प्रामाणिकपणे सांगितलं, राणी आजारी पडायच्या आदल्या दिवसाचं. खोलीत कोण होतं? राणी होती आणि तिचं मूल होतं, तिसरं कोणी नव्हतं.

प्रधान व्याकरणात पक्का. न विचारताच त्यानं उलगडून सांगितलं की ‘चालता हो’ हे पुरुषालाच म्हणतात, बाई असती तर ‘चालती हो’ म्हटलं असतं. आणि खोलीत पुरुषाच्या जातीचं एकच माणूस होतं. बोलून झाल्यावर आपण काय बोलून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो खाली बघायला लागला. पण धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून सुटलेला शब्द, दोन्ही परत येत नाहीत.

राजाचा चेहरा पांढरा पडला. त्यानं कवयित्रीकडे पाहिलं. आज तो मावशी म्हणाला नाही, अगंतुगंही केलं नाही.

“कवयित्री, तुम्ही तिच्याजवळ होतात. माझी आई मला असं म्हणाली का?”

नाही म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. सगळा दरबार तिनं नाही म्हणावं म्हणून वाट बघत होता, प्रधानसुद्धा. पण जिनं आयुष्यात खोटी ओळ लिहिली नाही, ती खोटी साक्ष कुठून देणार?

“आवाज तिचाच आहे, महाराज,” ती म्हणाली. “ती हे बोलली असणार. कोणाला बोलली, का बोलली, मला आठवत नाही.”

“मग तुमचा पाट कशासाठी आहे?” राजानं विचारलं, आणि तो उठून गेला. जाताना हुकूम देऊन गेला की बारवेच्या शिळेवर नाव कोरू नये, शिळा कोरी राहू द्यावी. जलपूजन ठरल्या दिवशी होईल, गाण्याविना.

कवयित्री घरी आली. तिला कशाचं दुःख होतं सांगू? पाट जाणार याचं नव्हतं. एक पोर ‘मला माझ्या आईनं टाकलं’ असं मनात धरून आता जन्मभर राज्य करणार होतं, आणि जी एकटी त्याला खरं सांगू शकली असती, तिच्या डोक्यात नेमकी तीच जागा कोरी होती. ती स्वतःवर चिडली. दोन्ही हातांनी डोकं धरून बसली. पण आठवण मांजरासारखी असते, हाका मारून येत नाही. तिनं जितकं ओढलं, तितकी ती आत आत पळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठली आणि साळुंकीकडे गेली. राजानं पिंजरा आता अंगणातल्या लिंबाला टांगायला लावला होता आणि तिकडे कोणी फिरकत नव्हतं. साळुंकी रुसून बसली होती. मी खरं तेच बोलले, ती म्हणाली, आणि मला बाहेर टांगलं. कवयित्रीनं तिला मूठभर भिजवलेली डाळ दिली आणि पिंजऱ्याखाली बसली. तू खरंच बोललीस, तिनं कबूल केलं. म्हणूनच तुझ्याकडे आले.

मग तिनं आपला नेहमीचा प्रश्न विचारला.

“ती ‘जा’ म्हणाली, तेव्हा तिचे हात कुठे होते?”

“हातांना आवाज नसतो,” साळुंकी म्हणाली.

“बघत कोणाकडे होती?”

“बघण्यालाही आवाज नसतो.”

“बरं, त्यानंतर काय बोलली?”

“त्यानंतर बोलली नाही. तेवढ्यात भांडं पडलं, मग सगळं गप्प.” आणि आपण किती चोख आहोत हे दाखवण्यासाठी साळुंकीनं ते भांडंही करून दाखवलं. ठण्ण, आणि मग गोल गोल फिरत हळूहळू मंदावत जाणारा काठाचा आवाज.

कवयित्री ताडकन उठून उभी राहिली. ते भांडं तिच्याच हातातलं होतं.

आणि मग सगळं एकदम आलं. तापाच्या पट्ट्यांसाठी ती गार पाण्याचं पितळी पातेलं घेऊन निघाली होती. खोलीच्या उंबरठ्यापाशी पोचते न पोचते तोच आतून राणी अशी ओरडली की हातातलं पातेलं निसटलं. पाणी उंबरठ्यावरून आत वाहत गेलं. तिनं घाबरून वर पाहिलं. राणी पलंगावर बसली होती. मूल तिच्या मांडीवर होतं, डोळे मिटलेलं, तापानं फणफणलेलं. राणीचा डावा हात त्याच्या कपाळावर होता, घट्ट, कोणी ओढून नेईल म्हणून धरावा तसा. उजव्या हाताचं बोट पुढे रोखलेलं होतं. ते बोट पलंगाच्या पायथ्याकडे होतं. तिथे कोणी नव्हतं.

तिथे ताप उभा होता. राणी तापाशी भांडत होती. राज्याच्या रीतीप्रमाणे रोगराईला जे म्हणायचं, तेच ती म्हणत होती. आणि ताप हाही ‘चालता हो’च, ‘चालती हो’ नव्हे, एवढं व्याकरण प्रधानालाही सुचायला हरकत नव्हती.

कवयित्री साळुंकीसमोर ओक्साबोक्शी रडली. साळुंकीला काही कळलं नाही. तिनं ते रडणंही लक्षात ठेवलं असेल.

आता लिहिणं सोपं होतं, असं तुम्हाला वाटेल. पहिली ओवी आली, दुसरीही आली. पण तिला आणखी एक गोष्ट आठवली होती. ओरडून झाल्यावर राणी मुलावर वाकली, आणि तिचे ओठ हलले. पातेलं अजून जमिनीवर घोंगावत होतं. ना साळुंकीला काही ऐकू गेलं, ना तिला. ओठ मात्र बराच वेळ हलत होते. दुसऱ्या दिवशी मूल उठून बसलं आणि खायला मागू लागलं, आणि त्याच दिवशी राणीनं अंथरूण धरलं.

ती तशीच बसून राहिली. न ऐकलेलं लिहावं का? सोडून द्यावं, तर गाणं उंबरठ्यावरच थांबत होतं. लिहावं, तर उद्या प्रधान विचारणार, पुरावा काय? मग तिनं वेगळा विचार केला. आपण त्या बाईला किती ओळखतो? दोघींत एक आंबा असला तर कोय स्वतःकडे ठेवून गर दुसरीला देणारी. नदीच्या धारेत पाय निसटला, तेव्हा आपल्याला आधी वर ढकलून मग स्वतः चढणारी. अशी आई, असं मूल, अशी ती दुपार. त्या ओठांवर काय असेल हे मला कळत नसेल, तर मी कसली तिची पाठराखीण आणि कसली कवयित्री? तिनं तिसरी ओवी लिहिली. लिहिताना तिचा हात कापला नाही.

जलपूजनाच्या सकाळी बारवेभोवती माणूस मावत नव्हतं. शिळा कोरी होती. भटजींनी पाण्यात फुलं सोडली. राजा दगडासारखा बसला होता. प्रधानाच्या शेजारी पिंजरा होता, कारण कवयित्रीनंच तो आणायला सांगितला होता. ती पुढे आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिनं राजाला नमस्कार केला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तेव्हा काय पाहिलं ते आधी साध्या शब्दांत सांगितलं. पातेलं सांगितलं, मांडी सांगितली, कपाळावरचा हात सांगितला आणि पायथ्याकडे रोखलेलं बोट सांगितलं. मग ती गायली. आवाज आता पिकला होता, पण मान ताठ होती.

चालता हो तापा । येथे तुझे नसे ।
उभा का तू असे । पायथ्याशी ॥

जा म्हणते तुला । लेकराला नाही ।
त्याला म्हणे आई । ये रे बाळा ॥

यायचेच तुला । माझ्या अंगी यावे ।
लेकरा सोडावे । खेळावया ॥

त्या राज्यात गाणं पटलं की ऐकणारे हुंकार देत. तो मागायचा नसतो; आला तर आपणहून येतो. पहिला हुंकार पायऱ्यांवर बसलेल्या एका म्हातारीचा आला. मग तिच्या शेजारणीचा. मग कडेवर पोरं घेतलेल्या बायकांचा. चारी बाजूंनी आला आणि बारवेच्या पाण्यावरून घुमत वर गेला. त्यांतल्या प्रत्येकीनं कधी ना कधी तेच मागणं मागितलं होतं.

प्रधानाला राहवलं नाही. शेवटची ओवी साळुंकीनं ऐकलेली नाही, तो म्हणाला. राणीसाहेब असं बोलल्या याला आधार काय?

“आधार नाही,” कवयित्री म्हणाली. “ओठ हलले ते मी पाहिलं. ऐकलं काहीच नाही.” मग ती राजाकडे वळली. “महाराज, तिसऱ्या ओवीतले शब्द माझे आहेत. आई तुमची आहे.”

राजा उठून पिंजऱ्यापाशी गेला आणि साळुंकीला म्हणाला, पुन्हा म्हण. साळुंकीनं म्हटलं. तेच शब्द, तोच आवाज, एका अक्षराचा फरक नाही. जा. चालता हो. या घरात तुझं काही नाही. राजानं डोळे मिटून घेतले होते. या वेळी त्याला तो आवाज आपल्या डोक्यावरून पलीकडे जाताना ऐकू आला.

डोळे न उघडताच त्यानं विचारलं, “मग खिडकी का बंद होती, मावशी?”

कोणाला काही समजलं नाही. तेव्हा त्यानं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदाच. बरा झाल्यावर त्याला पालखीत घालून आजोळी पाठवलं. अंगणातून त्यानं वर पाहिलं तर आईची खिडकी बंद होती. आई म्हणून त्याला तेवढंच आठवत होतं, एक बंद खिडकी. साळुंकीचं ‘जा’ त्यानं त्या खिडकीला नेऊन जोडलं होतं. खिडकी खरी होती, शब्द खरे होते, आणि दोन्ही जोडून जे झालं ते साफ खोटं होतं.

“खिडकी मी लावली, बाळा,” कवयित्री म्हणाली. “तिनं लावायला सांगितली. तुला ती दिसली असती तर तू पालखीतून उतरला असतास, आणि तिच्या अंगात ताप होता. तू निघालास तेव्हा ती आतून दोन्ही तळहात फळीवर टेकून उभी होती. भोयांची पावलं ऐकू येत होती तोवर तिनं हात काढले नाहीत.”

राजानं सगळ्या लोकांकडे पाहिलं. त्याच्या गालांवर पाणी होतं आणि ते त्यानं पुसलं नाही.

“ऐकलंत?” तो म्हणाला. “माझी आई तापाच्या अंगावर धावून गेली होती.” आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत मोठा हुंकार त्यानं दिला.

त्याच दिवशी पाथरवट बसले आणि शिळेवर राणीचं नाव कोरलं गेलं. प्रधानानं स्वतः कवयित्रीचा पाट उचलून राजाच्या उजव्या हाताला मांडला. माणूस वाईट नव्हता, फक्त कानावर फार विसंबायचा. साळुंकीला पुन्हा महालात जागा मिळाली. तिनं तिन्ही ओव्या पाठ केल्या आणि कवयित्रीच्या पिकल्या आवाजात त्या दिवसभर म्हणून सगळ्यांचे कान किटवले.

पुढे पुष्कळ वर्षं गेली. कवयित्री फार म्हातारी झाली. एकदा लांबच्या एका खेड्यात ती पाणी मागायला एका घरापाशी थांबली. आत एक तरुण बाई तापलेलं मूल मांडीवर घेऊन बसली होती. एक हात त्याच्या कपाळावर, दुसऱ्या हाताचं बोट पायथ्याकडे, आणि ती म्हणत होती, यायचेच तुला, माझ्या अंगी यावे. कवयित्री दारातच उभी राहिली.

मूल झोपल्यावर त्या बाईनं तिला पाणी दिलं. आजीचं लक्ष गाण्याकडे होतं हे तिनं पाहिलं होतं, म्हणून मोठ्या कौतुकानं सांगितलं, “आजी, हे राणीचे शब्द आहेत बरं का. तिनं आपल्या लेकासाठी म्हटले होते, जसेच्या तसे.”

भरल्या सभेत ‘शब्द माझे आहेत’ असं बजावणारी ती बाई. ती काय म्हणाली असेल?

“हो गं,” ती म्हणाली. “तिचेच आहेत.”

आणि पाणी पिऊन ती निघाली. काठी टेकत, पण मान अशी ताठ, की दरबारात पाट मिळाला त्या दिवशीही तेवढी नव्हती.

तात्पर्य: शब्द कानात साठवता येतात, पण माणूस आठवायला त्याच्यावर जीव असावा लागतो.